मॅटरहॉर्न कुठल्या धारेने करावा? सह्याद्रीतून येणाऱ्यासाठी सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की लिंगाणा, तैलबैला, ड्यूक्स नोज हे सगळे कातळ लीड करून, म्हणजे दोर घेऊन स्वतः पुढे चढून झालेत, मनालीला बेसिक कोर्स झालाय, पुढच्या उन्हाळ्यात म्युनिकला बहिणीकडे येतोयस आणि एका पार्टनरसोबत गाइड न घेता मॅटरहॉर्न करायचाय, तर चार धारांपैकी कुठली धरू, आणि हॉर्नलीची धार 'सोपी' आहे म्हणतात ते खरं का. दादा म्हणालास तर दादासारखंच सांगतो, गोड बोलणार नाही. हॉर्नलीच धर. आणि सोपी आहे हे खरंय, पण ज्या अर्थाने तू सोपी म्हणतोयस त्या अर्थाने नाही. सह्याद्रीत क्लाइंबिंग शिकलेले आपले लोक इकडे येऊन अडतात ते कातळावर अडत नाहीत, घड्याळावर अडतात. बाकीचं सगळं उत्तर हेच समजावण्यासाठी आहे, तेव्हा थोडं लांबलंय.

आधी डोंगर समजून घे. उंची 4478 मीटर, बरोबर स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर, उत्तरेला खाली झरमॅट, दक्षिणेला ब्रॉय-चेर्विनिया. झरमॅट गाव साधारण 1600 मीटरवर आहे, म्हणजे आपलं कळसूबाई 1646 मीटर, तिथल्या माथ्याच्या उंचीवर इथलं रेल्वे स्टेशन. त्याच्यावर अजून पावणेतीन-तीन हजार मीटर डोंगर. चार बाजू आणि चार धारा असा अगदी चौकोनी सुळका: ईशान्येला हॉर्नली, नैर्ऋत्येला इटलीची लायन रिज, वायव्येला झ्मुट, आग्नेयेला फुर्गन. माथा म्हणजे एक अरुंद आडवी धार, एका टोकाला स्विस माथा, दुसऱ्या टोकाला दोनेक मीटर कमी उंचीचा इटालियन माथा, तिथे लोखंडी क्रॉस उभा आहे.

दगडाबद्दल सांगायलाच हवं कारण आपण बसॉल्टवर वाढलेले. इथे वरचा सगळा सुळका नाइस (gneiss) नावाच्या रूपांतरित खडकाचा, आणि भूगर्भवाले सांगतात की हा वरचा भाग आफ्रिकेच्या बाजूच्या भूखंडाचा आहे, आल्प्स घडताना युरोपवर सरकून बसलेला, त्याच्या खालच्या पट्ट्यात मधल्या समुद्राच्या तळाचे खडक सापडतात. ही माहिती पार्टीत सांगायला बरी, पण चढणाऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळी आहे: ह्या खडकाचे थर इटलीकडे कललेले आहेत. त्यामुळे झरमॅटच्या बाजूला थरांच्या कडा आतल्या बाजूला झुकलेल्या, म्हणजे पाय ठेवायला पायऱ्या, आणि इटलीच्या बाजूला त्याच थरांचे बाहेर कललेले गुळगुळीत पाट. इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्परला हे कळलं तिथेच खरं तर पहिल्या चढाईचा निकाल लागला. तो आधी अनेकदा इटलीकडूनच प्रयत्न करत होता, कारण झरमॅटहून पूर्वेची भिंत समोरून बघितली की उभी काटकोनात दिसते, पण बाजूने बघितली तर तिचा उतार चाळीस अंशांच्या आसपास. समोरून बघून घाबरायचं नाही आणि समोरून बघून खूषही व्हायचं नाही, हे सह्याद्रीत आपल्यालाही माहीत असतंच.

14 जुलै 1865 ला सात जण हॉर्नलीच्या धारेने वर पोचले: व्हिम्पर, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, चार्ल्स हडसन, डग्लस हॅडो, फ्रान्समधल्या शामोनीचा गाइड मिशेल क्रोझ आणि झरमॅटचे टाउगवाल्डर बापलेक. चढाई तशी सुरळीत झाली. उतरताना हॅडो, एकोणीस वर्षांचा आणि फारसा अनुभव नसलेला, घसरला, तो क्रोझवर आदळला, त्या दोघांनी हडसन आणि डग्लसला ओढलं, आणि डग्लस व थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघं गेले, डग्लसचा मृतदेह कधीच मिळाला नाही. तो तुटलेला दोर झरमॅटच्या म्युझियममध्ये ठेवलाय, जाडी बघून अंगावर काटा येतो, बरोबर आणलेल्या दोरांतला तो सगळ्यात कमकुवत होता. हा इतिहास सगळ्यांना पाठ असतो पण त्यातला एक शब्द लोक सोडून देतात: उतरताना. दीडशे वर्षांनंतरही तेच चाललंय. पाचशेच्या वर माणसं ह्या डोंगरावर मेलीत आणि त्यातले कितीतरी माथा करून परत येताना.

आता हॉर्नली. झरमॅटहून केबल कारने श्वार्झझे, 2583 मीटर, तिथून दोन-अडीच तास चालून हॉर्नली हट, म्हणजे चढणाऱ्यांचं मुक्कामाचं घर, 3260 मीटर. 2015 ला पहिल्या चढाईची दीडशे वर्षं झाली तेव्हा हट नव्याने बांधून उघडली, सव्वाशे-दीडशे माणसांची सोय, आणि तेव्हापासून आजूबाजूला तंबू ठोकायला बंदी. म्हणजे हटचं बुकिंग नाही तर चढाई नाही. हट ते माथा सरळ उभी उंची 1200 मीटर. कठीणपणा विचारशील तर बहुतेक ठिकाणी दुसरी ग्रेड (आकडा जितका मोठा तितका कातळ अवघड), थोडे टप्पे तिसऱ्याचे, आणि जिथे त्याहून अवघड आहे तिथे जाड दोर लावून ठेवलेत. लिंगाण्यावर तू लीड केलं असशील तर एकही टप्पा असा नाही की जिथे तुझे हात थरथरतील. दृष्टिभय, म्हणजे पायाखाली खोल दरी दिसण्याची भीती म्हणशील तर आहे, पण तेही सुटं सुटं, सलग नाही.

मग लोक परत का फिरतात? हिशोब कर. 1200 मीटरची उंची, पण धार तिरकी असल्यामुळे अंतर बरंच जास्त. आपल्या सवयीप्रमाणे पिच काढायच्या, म्हणजे दोराच्या लांबीएवढे टप्पे करायचे, प्रत्येक टप्प्यावर अँकर बांधायचा, मागून येणाऱ्या सेकंडला बीले द्यायचा, म्हणजे त्याचा दोर सांभाळून धरायचा, असं म्हटलं तर चाळीस-पन्नास पिच होतील, प्रत्येकी वीस मिनिटं धरली तरी चौदा-सोळा तास फक्त वर जायला. इथले गाइड क्लायंटला घेऊन साधारण चार तासांत माथ्यावर असतात आणि तेवढ्याच वेळात खाली. कारण ते दोघं बहुतेक वेळ एकदम चालतात, मध्ये सात-आठ मीटर दोर, हातात गुंडाळी, दोर खडकाच्या सुळक्यांमागून आणि धारेवर ठोकलेल्या लोखंडी सळयांमागून टाकत टाकत. थांबून बीले द्यायचा तो फक्त चार-पाच ठिकाणी. ह्याला शॉर्ट रोपिंग म्हणतात आणि हे नीट येत नसेल तर ते फार वाईट आहे, कारण एक घसरला की दोघं जातात. म्हणजे दोन वाटा, एक सुरक्षित पण इतकी सावकाश की दुपारच्या वादळात सापडशील, दुसरी वेगवान पण येत असेल तरच सुरक्षित. मॅटरहॉर्नचं खरं कठीणपण ह्या दोघांच्या मधल्या जागेत आहे, खडकात नाही.

पहाटे कसं असतं ते सांगतो. साडेतीनच्या सुमारास नाश्ता, हटच्या दाराशी सगळे हार्नेस घालून, हेडटॉर्च लावून उभे, आणि ठरलेली पद्धत अशी की आधी झरमॅटचे गाइड, मग बाकीचे गाइड, आणि विनागाइडवाले सगळ्यात शेवटी. राग मानायचा नाही, त्यांना वाट पाठ असते आणि ते पुढे असले तर तुझ्या डोक्यावर दगड कमी येतात. हटपासून चार-पाच मिनिटांवर पहिली उभी भिंत आणि तिथे दोर, आणि तिथेच रांग. अंधारात वर नुसते बूट खडकावर घासल्याचे आवाज, कोणीतरी जर्मनमध्ये कोणालातरी लवकर लवकर म्हणतंय, आणि दोर हातात आला की कळतं तो रात्रीच्या दवाने गोठून काठीसारखा झालाय, पातळ हातमोजे असतील तर सटकतात. तिथून पुढे वाट धारेवर नसतेच, धारेच्या डावीकडे पूर्व भिंतीच्या कडेकडेने, दोन घळी ओलांडत जाते, आणि विनागाइडवाले चुकतात ते इथेच. पूर्व भिंतीवर सगळीकडे वाटा असल्यासारखं दिसतं, प्रत्येक ओळीत कोणीतरी गेल्याच्या खुणा, आणि माणूस डावीकडे डावीकडे सरकत जातो आणि घसाऱ्यात अडकतो, जिथे धरलेला प्रत्येक दगड हातात येतो. नियम सोपा आहे, दगड सुटे व्हायला लागले, वाट पॉलिश झालेली दिसेना की तू चुकलायस, उजवीकडे धारेकडे ये. आदल्या दिवशी दुपारी हटवर पोचलास की आराम करत बसू नकोस, पहिला तास-दीड तासाचा भाग उजेडात जाऊन बघून ये.

वर गेल्यावर लोअर मोझली स्लॅब, म्हणजे कातळाचा पाट, मग 4003 मीटरवर सॉल्वे हट, लाकडी खोपटं, दहा जणांचं, 1915 चं, बेल्जियमच्या सॉल्वे नावाच्या उद्योगपतीच्या पैशांतून उभं राहिलेलं. हे फक्त अडीअडचणीसाठी, मुक्काम ठरवून जायचं नाही. त्याच्या लगेच वर अप्पर मोझली स्लॅब. ह्या दोन्ही पाटांवर बूट ठेवलास की समजेल शंभर-दीडशे वर्षांत किती माणसं इथून गेलीत, पायाची प्रत्येक जागा घासून चकचकीत, त्यात क्रॅम्पॉनच्या, म्हणजे बर्फासाठी बुटांना लावायच्या लोखंडी काट्यांच्या पांढऱ्या रेघा. हटपासून सॉल्वेपर्यंत तीन तासांहून जास्त लागले तर मुकाट्याने परत फिर. गाइडही क्लायंटला तिथूनच फिरवतात आणि तेव्हा क्लायंट रडतात, पैसे भरले असले तरी.

सॉल्वेनंतर धार अरुंद आणि मजेची, मग खांदा, तिथे बहुतेक वेळा बर्फ, क्रॅम्पॉन चढवायचे. मग उभ्या भिंतीवर लागोपाठ मनगटाएवढे जाड दोर, इथे चार हजार दोनशेच्या वर हातांनी ओढून घेताना छाती फुटते, तेव्हा पायांवर चढ, हातांवर नाही. त्यानंतर बर्फाचा उतार, ज्याला इकडे छप्पर म्हणतात, मग माथ्याच्या जरा खाली संत बर्नार्डचा पुतळा, आणि मग माथ्याची धार. फोटो काढ आणि निघ. कारण अर्धंच काम झालंय, आणि आता थकलेल्या पायांनी, खाली बघत, वर येणाऱ्यांना वाट देत, तेवढंच अंतर उतरायचंय. इथे सह्याद्रीवाल्याची दुसरी सवय नडते. आपण उतरायचं म्हटलं की दोर टाकतो. कडा उतरायला रॅपलिंग हेच आपलं उत्तर. इथे प्रत्येक टप्प्याला रॅपल करत बसलास तर रात्र होईल, शिवाय दोर अडकतात आणि ओढताना दगड पडतात. बहुतेक धार उलटं तोंड करून किंवा तोंड बाहेर ठेवून उतरायची असते, दोर बांधलेला, पण पायांनी.

म्हणून तयारी वेगळी हवी. बोल्ट केलेल्या भिंतीवर अवघड मूव्ह करत बसण्यापेक्षा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट धर, कडक बूट घालून, पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन, वरही त्याच वाटेने आणि खालीही त्याच वाटेने, न थांबता. अलंग-मदन-कुलंगच्या कातळटप्प्यांवर पार्टनरसोबत आखूड दोरावर चालायचा सराव कर, दोघांनी आळीपाळीने पुढे. क्लाइंबिंग शूज घरी ठेव. तिसऱ्या ग्रेडचा खडक बुटांत, आणि त्यातला काही भाग क्रॅम्पॉनवर, बोलत बोलत चढता आला पाहिजे आणि उतरताना वेग निम्म्यावर यायला नको. पावसाळ्यात निसरड्यावर हे करायला जाऊ नकोस म्हणजे झालं.

गाइड घ्यावा का? माझं मत विचारशील तर पहिल्या वेळी घ्यावा, आणि हे मी गाइडांच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये. एक गाइड एकच क्लायंट नेतो आणि खर्च हजार-दीड हजार स्विस फ्रँकच्या वर जातो, त्यात गाइड आधी एखादी सरावाची चढाई करून तुला पारखून घेतो, जवळच्याच शिखरांवर, रिफेलहॉर्न, पोलुक्स किंवा ब्राइटहॉर्नची अर्धी धार, म्हणजे त्याचे पैसे वेगळे. तुम्ही दोघं म्हणजे दोन गाइड. परवडत नसेल तर ते समजू शकतो, पण मग मॅटरहॉर्न पहिल्या ट्रिपमध्ये करू नका. एक सीझन झरमॅटच्या आजूबाजूच्या लांब खडकाळ धारा करा, वेळ मोजा, पुस्तकातल्या वेळेत येताय का बघा, मग या. झरमॅटच्याच उलरिख इंडरबिनेन नावाच्या गाइडने तीनशे सत्तरच्या आसपास वेळा हा डोंगर चढला, शेवटचा वयाच्या नव्वदीत, आणि तो कातळपटू म्हणून नाही तर वाट आणि वेळ ह्यांचा माणूस म्हणून ओळखला जायचा.

आता इटलीची बाजू, कारण तू लायन रिजबद्दल खास विचारलंयस आणि गर्दी कमी म्हणून तुला ती आवडेल असं वाटतंय. ही धार सुंदर आहे, हॉर्नलीपेक्षा खडकही काही ठिकाणी चांगला, पण जरा अवघड आणि लांब. इटलीकडचा गाइड ज्याँ-अंतुआन कॅरेल, त्याची ही वाट. व्हिम्पर माथ्यावर दिसला म्हणून तो 14 तारखेला मागे फिरला आणि तीन दिवसांनी, 17 जुलै 1865 ला ज्याँ-बाप्तिस्त बिशबरोबर वर पोचला. पुढे 1890 ला ह्याच डोंगरावर वादळात क्लायंट सुखरूप खाली आणून तो पायथ्याशी दमून कोसळला आणि गेला. चेर्विनियाहून ओरिओंदेची हट, 2802 मीटर, मग कोल देल लिओने खिंड, 3580 मीटर, आणि दोरांच्या आधाराने 3830 मीटरच्या आसपास कॅरेल हट. दुसऱ्या दिवशी पिक टिंडाल, 4241 मीटर, मग एक खिंडार ओलांडून माथ्याची भिंत, तिथे जॉर्डनची शिडी म्हणून दोराची लोंबती शिडी आहे. तोटे दोन. हट इतकी वर की नीट ॲक्लिमटाइज झाला नसशील, म्हणजे शरीर उंचीला सरावलं नसेल, तर रात्रभर डोकं धरून बसशील. आणि वादळं बहुतेकदा नैर्ऋत्येकडून येतात, आधी तुझ्या डोक्यावर, तेही लोखंड आणि दोरांनी भरलेल्या धारेवर. वर जाताना वाटेत येणारे दोर हातांना फार दमवतात, आपल्या लोकांना मात्र तो भाग आवडतो, मान्य.

झ्मुट तू विचारलीस म्हणून दोन वाक्यं. 1879 च्या सप्टेंबरात इंग्रज गिर्यारोहक ममरीने अलेक्झांडर बुर्गेनर आणि आणखी दोन गाइडांबरोबर पहिल्यांदा केली, बर्फ आणि खडक मिसळून, परतीचा मार्ग अवघड, परिस्थिती नेमकी हवी, हॉर्नली अंधारात उतरता येईल इतकी पाठ झाल्यावरच. फुर्गन सोड, चौघींत शेवटी, 1911 ला झाली, वरचा भाग उभा आणि सैल, फारसं कोणी जात नाही. उत्तर भिंत 1931 ला श्मिड बंधूंनी केली, आणि तू म्युनिकहून येतोयस म्हणून सांगतो, ते दोघंही म्युनिकहूनच आले होते, सायकलवर. पुढच्या वर्षी ऑलिंपिकमध्ये गिर्यारोहणाचं पदक मिळालं त्यांना, पण तोवर त्यांच्यातला टोनी दुसऱ्या डोंगरावर मरण पावला होता. 1965 च्या हिवाळ्यात इटालियन गिर्यारोहक बोनाट्टीने ह्याच भिंतीवर एकट्याने नवी वाट काढली. हे वाचायला.

तारखा. मध्य जुलै ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. पण आता फार कडक उन्हाळा पडला तरी अडचण होते, कारण फटींतला बर्फच दगड धरून ठेवतो आणि तो वितळला की धार सैल होते. 2003 च्या जुलैत हॉर्नलीवर मोठी दरड कोसळली आणि वर अडकलेल्या नव्वदेक लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. 2022 च्या जुलैत दोन्ही बाजूंच्या गाइडांनी काही काळ चढाया थांबवल्या. आणि उलट, ऑगस्टमध्येही ताजा बर्फ पडला तर दोन-तीन दिवस धार बंद समजायची. म्हणजे एकच तारीख ठरवून येऊ नकोस, किमान दहा-बारा दिवस मोकळे ठेव, त्यातले पहिले चार-पाच दिवस ब्राइटहॉर्न, 4164 मीटर, आणि पोलुक्स, 4092 मीटर, ह्यांवर घालव. पोलुक्सवर शेवटी दोर लावलेला खडकाळ टप्पा आहे, मॅटरहॉर्नच्या खांद्याची रंगीत तालीमच. मनालीचा कोर्स झालाय म्हणजे क्रॅम्पॉन, आइस ॲक्स येत असेलच, पण उंची शरीर विसरतं.

खर्चात हट रात्रीला दीडशे फ्रँकच्या आसपास धर, जेवणासकट. इन्शुरन्स भारतातून काढतोस तो नीट वाच, बहुतेक ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये दोर लावून केलेलं गिर्यारोहण वगळलेलं असतं किंवा उंचीची मर्यादा असते, आणि इथे हेलिकॉप्टर फुकट नाही. एअर झरमॅटचं रेस्क्यू कार्ड मिळतं, ते काढ, पैसे थोडे लागतात. वॅलिस प्रांतात इमर्जन्सीला 144, ग्लोव्हज काढल्यावर बोटं बधिर असतात म्हणून नंबर आधीच फोनमध्ये वर ठेव. आणि बहिणीची गाडी घेऊन येणार असशील तर झरमॅटमध्ये गाड्यांना बंदी आहे, टेशला पार्किंगमध्ये लावायची आणि तिथून शटल ट्रेनने बारा मिनिटांत गावात.